निर्दोष काचेचा ध्यास

कॅमेरा, सूक्ष्मदर्शक, दुर्बीण ही सारी उपकरणे काचेच्या भिंगांवर चालतात. भिंग म्हणजे तुमच्या उर्दू विज्ञानाच्या पुस्तकातील अदसा. आपण घराच्या खिडकीला काच लावतो. त्या काचेत एखादा बुडबुडा राहिला तरी कोणाचे काही अडत नाही. दुर्बिणीच्या भिंगात मात्र असा लहानसा दोषही चालत नाही. काचेत एका जागी दोष असला की तेथून जाणारा प्रकाश भलतीकडे वळतो आणि तारा स्पष्ट दिसण्याऐवजी पसरट, अंधुक दिसतो. दोनशे वर्षांपूर्वी अशी निर्दोष काच मोठ्या आकारात तयार करणे कोणालाही नीट जमत नव्हते. ज्याला ते जमले, त्याचे शाळेतील शिक्षण अगदी थोडे झाले होते. त्याचे नाव जोसेफ फ्राउनहोफर.

जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात डॅन्यूब नदीच्या काठी श्ट्राउबिंग नावाचे गाव आहे. तेथे ६ मार्च १७८७ रोजी जोसेफचा जन्म झाला. त्याचे वडील खिडक्यांना काचा बसवण्याचा धंदा करीत. घरात अकरा मुले झाली, त्यांत जोसेफ सर्वांत धाकटा. काच कापणे, घासणे ही कामे त्याने वडिलांच्या दुकानातच पाहिली. १७९७ मध्ये त्याची आई वारली आणि पुढच्याच वर्षी वडीलही गेले. अकरा वर्षांचा जोसेफ पोरका झाला.

पालकांनी त्याला आधी लाकडाच्या कातकामाला लावले. पण तो प्रकृतीने अशक्त होता. ते कष्ट त्याला झेपेनात. मग १७९९ मध्ये त्याला म्यूनिक शहरात वाइक्सेलबेर्गर नावाच्या आरसे तयार करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला ठेवले. कारागिराला शिकवण्याचा मोबदला देण्याइतके पैसे या अनाथ मुलाजवळ नव्हते. म्हणून सहा वर्षे बिनपगारी काम करायचे, असे ठरले.

म्यूनिकमध्ये कामकरी मुलांसाठी सुट्टीच्या दिवशी भरणारी शाळा होती. जोसेफला तेथे जायचे होते, पण मालकाने परवानगी दिली नाही. मुलगा पुस्तके वाचू लागला तर कामात लक्ष देणार नाही, असा त्याचा हिशेब असावा. घरातली हलकीसलकी कामे करायची, काच घासायची आणि झोपायचे, एवढेच जोसेफचे आयुष्य झाले. अशी दोन वर्षे गेली.

२१ जुलै १८०१ रोजी मालकाचे ते जुने घर अचानक कोसळले. मालकाची पत्नी ढिगाऱ्याखाली सापडून मरण पावली. जोसेफही आत अडकला होता, पण काही तुळया अशा आडव्या पडल्या की त्यांच्या आडोशाला तो जिवंत राहिला. लोकांनी दगडमाती उपसायला सुरुवात केली. बातमी कळताच बव्हेरियाचा शासक मॅक्सिमिलियन जोसेफ स्वतः तेथे आला. (हाच पुढे १८०६ मध्ये बव्हेरियाचा राजा झाला.) काही तासांनी चौदा वर्षांच्या जोसेफला बाहेर काढले, तेव्हा तो त्याच्यासमोरच उभा होता. त्याने मुलाची विचारपूस केली आणि त्याला अठरा सोन्याची नाणी बक्षीस दिली.

त्या गर्दीत योसेफ उट्झश्नायडर नावाचे एक अधिकारी आणि उद्योजक होते. त्यांनी या मुलाकडे लक्ष दिले. गणिताची आणि प्रकाशशास्त्राची पुस्तके त्यांनी त्याला आणून दिली. आता खुद्द शासकाचीच नजर या मुलावर असल्यामुळे मालकाला त्याचे शिक्षण उघडपणे अडवता येईना. तरी त्याची नाराजी काही गेली नाही.

अठरा नाण्यांचे जोसेफने काय केले? त्याने काच कापण्याचे एक यंत्र विकत घेतले. उरलेल्या पैशांतून मालकाला भरपाई देऊन उमेदवारीचे शेवटचे सहा महिने त्याने सोडवून घेतले. मग स्वतःचा धंदा काढला. धातूच्या पत्र्यावर अक्षरे कोरायची आणि भेटकार्डे छापायची, असा तो धंदा होता. तो चालला नाही. युद्धाचे दिवस होते, भेटकार्डे कोण छापून घेणार? जोसेफला पोटासाठी पुन्हा त्याच मालकाकडे कामाला जावे लागले. अपघातातून वाचलेल्या मुलाचे नशीब एका दिवसात पालटले, असे गोष्टीत होते. येथे पुढची पाच वर्षे तो आरशांच्या काचाच घासत होता. फरक एवढाच, की आता त्याच्याजवळ पुस्तके होती.

१८०६ मध्ये उट्झश्नायडर यांनी त्याला आपल्या कारखान्यात बोलावले. तेथे जमीन मोजण्याची आणि आकाश पाहण्याची उपकरणे तयार होत. सैन्याला आणि सरकारला अचूक नकाशे हवे होते, त्यामुळे या उपकरणांना मोठी मागणी होती. कारखान्याचे भागीदार रायखेनबाख हे नामांकित यंत्रज्ञ होते. यंत्राचे पितळी भाग ते उत्तम बनवत. अडचण होती ती काचेची. चांगली काच इंग्लंडहून येई, पण नेपोलियनच्या युद्धांमुळे इंग्लंडचा माल युरोपात येणे कठीण झाले होते.

ही अडचण नीट समजली पाहिजे, कारण फ्राउनहोफर यांचे सारे आयुष्य तिच्यात गेले.

प्रकाशाचा किरण हवेतून काचेत शिरताना वाकतो. याला प्रकाशाचे अपवर्तन म्हणतात. पांढऱ्या प्रकाशात अनेक रंग असतात आणि प्रत्येक रंग सारखाच वाकत नाही. तांबडा कमी वाकतो, जांभळा जास्त. म्हणून एकाच भिंगाच्या दुर्बिणीतून पाहिले की प्रत्येक वस्तूच्या कडेला रंगीत झालर दिसते. यावर अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये एक उपाय सापडला होता. दोन निरनिराळ्या काचांची दोन भिंगे एकापुढे एक बसवायची. एक भिंग क्राउन नावाच्या साध्या काचेचे आणि फुगीर, दुसरे फ्लिंट नावाच्या काचेचे आणि खोलगट. फ्लिंट काचेत शिसे असते. ती रंगांना अधिक फाकवते. पहिल्या भिंगाने फाकवलेले रंग दुसरे भिंग पुन्हा एकत्र आणते आणि झालर बरीचशी नाहीशी होते.

ही युक्ती चांगली होती, पण फ्लिंट काच फार त्रासदायक. शिसे जड असल्यामुळे वितळलेल्या काचेत ते खाली बसते. वरची काच हलकी, खालची जड. थंड झाल्यावर तिच्यात शिरा दिसतात. साखरेचा पाक पाण्यात ओतताना जशा तारा दिसतात, तशाच या शिरा असतात. शिवाय बुडबुडे राहतात. काच घाईने थंड केली तर तिच्यात ताण राहतो आणि ती तडकते. त्यामुळे चार इंचांपेक्षा मोठा निर्दोष तुकडा मिळणे म्हणजे दैवयोगच होता.

म्यूनिकच्या दक्षिणेला आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी बेनेडिक्टबॉयर्न येथे एक जुना मठ होता. सरकारने तो ताब्यात घेतला होता. उट्झश्नायडर यांनी तो विकत घेऊन तेथे काचेची भट्टी सुरू केली. काच वितळवण्यासाठी स्वित्झर्लंडहून गीनाँ नावाच्या वृद्ध कारागिराला बोलावले. गीनाँ फारसे शिकलेले नव्हते, पण वर्षानुवर्षे स्वतःच्या खर्चाने प्रयोग करून त्यांनी एक रहस्य शोधून काढले होते. वितळलेली काच भाजलेल्या मातीच्या दांड्याने सतत ढवळत राहायची. असे केले की शिसे खाली बसत नाही आणि बुडबुडेही वर येऊन निघून जातात. हे ऐकायला फार सोपे वाटते. पण धगधगत्या भट्टीपाशी उभे राहून तासन्‌तास ढवळणे सोपे नव्हते, आणि त्यासाठी लोखंडाचा दांडा चालत नाही, मातीचाच लागतो, हे समजायलाही त्यांना कित्येक वर्षे लागली होती.

फ्राउनहोफर या मठात आले तेव्हा ते विशीत होते. भिंगे घासण्याचा आणि गुळगुळीत करण्याचा विभाग त्यांच्याकडे देण्यात आला. हाताच्या सवयीवर अवलंबून राहायला नको, म्हणून त्यांनी त्यासाठी यंत्रे तयार केली. १८०९ मध्ये ते कारखान्याचे भागीदार झाले. काही काळाने काच वितळवण्याचे कामही त्यांच्याकडे आले आणि गीनाँ यांनी आपले रहस्य या तरुणाला शिकवावे, असे मालकांनी ठरवले. वृद्ध कारागिराला ते कितपत आवडले असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता. दोघांचे जमले नाही. १८१४ मध्ये गीनाँ आपल्या देशी परत गेले. आज फ्राउनहोफर यांचे नाव सर्वांना माहीत आहे आणि गीनाँ यांचे फारच थोड्यांना. पण मातीच्या त्या दांड्यावाचून पुढचे काहीच घडले नसते.

आता चांगली काच मिळू लागली, पण एक प्रश्न उरलाच. एक काच कोणत्या रंगाला किती वाकवते, हे अगदी अचूक मोजल्याशिवाय दोन भिंगांचे आकार गणिताने ठरवता येत नव्हते. तोपर्यंतचे कारागीर अंदाजाने भिंगे घासत, एकमेकांशी लावून पाहत आणि जी जोडी जमेल ती ठेवत. फ्राउनहोफर यांना हे मान्य नव्हते. पण मोजायचे कसे? लोलकातून (उर्दूत ज्याला मन्शूर म्हणतात) सूर्यप्रकाश गेला की भिंतीवर रंगांचा पट्टा पडतो. हा वर्णपट. त्यात तांबडा रंग कोठे संपतो आणि नारिंगी कोठे सुरू होतो? कोणालाही नेमके बोट ठेवता येत नाही. ज्या वस्तूला कड नाही, ती मोजणार कशी?

फ्राउनहोफर यांनी प्रथम दिव्याच्या ज्योती वापरून पाहिल्या. ज्योतीच्या वर्णपटात त्यांना पिवळ्या रंगाच्या जागी एक ठळक, चमकदार रेषा दिसली. ती नेहमी त्याच ठिकाणी असे. अशी रेषा सूर्याच्या प्रकाशातही असेल का, हे पाहायचे त्यांनी ठरवले. खोलीत अंधार केला. खिडकीच्या झडपेला एक अरुंद फट ठेवली. फटीपासून चोवीस फुटांवर आपल्या उत्तम काचेचा लोलक ठेवला आणि लोलकातून येणारा प्रकाश लहान दुर्बिणीतून पाहिला.

चमकदार रेषेऐवजी त्यांना काळ्या रेषा दिसल्या. एक नाही, दोन नाही, शेकडो. काही जाड, काही केसाइतक्या बारीक. रंगांचा तो सुंदर पट्टा उभ्या काळ्या रेघांनी भरून गेला होता. ही १८१४ सालची गोष्ट.

खरे तर इंग्लंडमधील वोलास्टन या शास्त्रज्ञांना १८०२ मध्येच अशा काही रेषा दिसल्या होत्या. त्या रंगांमधल्या सीमा असाव्यात, असे समजून त्यांनी तो विषय सोडून दिला होता. फ्राउनहोफर यांनी सोडला नाही. आपल्या काचेतलाच दोष तर नाही ना, अशी शंका त्यांच्यासारख्या कारागिराला आधी येणारच. म्हणून त्यांनी फट बदलली, अंतर बदलले, निरनिराळ्या काचांचे लोलक वापरले. रेषा त्याच रंगात, त्याच क्रमाने राहिल्या. त्यांनी ठळक रेषांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली. बी आणि एच या रेषांच्या मध्ये त्यांनी ५७४ रेषा मोजल्या आणि त्यांचा नकाशा काढला. गंमत म्हणजे दिव्याच्या ज्योतीतील चमकदार रेषा जेथे होती, बरोबर तेथेच सूर्याच्या वर्णपटात डी ही काळी रेषा होती. मग त्यांनी दुर्बीण शुक्राकडे वळवली. शुक्राच्या प्रकाशातही सूर्याच्याच रेषा दिसल्या. व्याधाच्या तेजस्वी ताऱ्यात मात्र निराळ्याच रेषा होत्या. म्हणजे रेषा काचेतल्या नव्हत्या, त्यांतल्या बहुतेक आपल्या हवेतल्याही नव्हत्या. त्या प्रकाशाबरोबरच येत होत्या.

या रेषा का पडतात, हे फ्राउनहोफर यांना कळले नाही. पण त्यांना हवे होते ते मिळाले. रस्त्यावर मैलाचे दगड असतात, तशा वर्णपटात आता पक्क्या खुणा होत्या. डी रेषा या काचेत किती वाकते, एफ रेषा किती वाकते, हे मोजता येऊ लागले. प्रत्येक नवी काच भट्टीतून निघाली की तिचे असे माप घेतले जाई. काचेत कोणता पदार्थ किती घातला, भट्टी किती तापवली, याचा परिणाम आता नजरेने ओळखायचा नव्हता, आकड्यांत दिसत होता. काचेचा धंदा अंदाजावरून गणितावर आला.

त्यांनी आपले निष्कर्ष म्यूनिकच्या विज्ञान अकादमीला कळवले आणि १८१७ मध्ये ते छापून आले. त्याच वर्षी त्यांना अकादमीत घेण्याचा प्रस्ताव आला. तेव्हा काही विद्वानांनी हरकत घेतली. हा माणूस विद्यापीठात शिकलेला नाही, हा तर कारखान्यातला कारागीर, याला विद्वानांच्या सभेत जागा कशी द्यायची, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर त्यांना सभासद करून घेतले, पण प्रथम खालच्या दर्जाचे. चौदाव्या वर्षी शाळेचे दार ज्याच्यासाठी बंद होते, त्याला तिसाव्या वर्षीही त्या बंद दाराची किंमत मोजावी लागली.

दुसऱ्या बाजूने, फ्राउनहोफर यांनीही एक दार बंदच ठेवले होते. मोजणीची रीत त्यांनी सगळ्या जगाला सांगितली, पण काच कशी वितळवायची हे कधीच छापले नाही. परदेशी शास्त्रज्ञ म्यूनिकला येत. फ्राउनहोफर त्यांना उपकरणे दाखवत, रेषा दाखवत. बेनेडिक्टबॉयर्नची भट्टी दाखवत नसत. कारखाना त्या रहस्यावर चालत होता, हे खरे. पण ज्या मुलाला मालकाने पुस्तक उघडू दिले नाही, त्यानेच पुढे आपली वही मिटून ठेवावी, याचे थोडे वाईट वाटते. इंग्लंडमध्ये अशीच काच तयार करण्यासाठी समिती नेमली गेली. मायकेल फॅरडे यांनी त्या कामात कित्येक वर्षे घालवली. तेही लहानपणी पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवार होते. पण म्यूनिकसारखी काच त्यांना साधली नाही.

१८२१ नंतर फ्राउनहोफर यांनी आणखी एक साधन तयार केले. प्रथम बारीक तारा अगदी जवळजवळ, समांतर ताणून आणि नंतर काचेवर हिऱ्याच्या टोकाने सूक्ष्म रेघा ओढून त्यांनी जाळी बनवली. या जाळीतून प्रकाश गेला की लोलकाशिवाय वर्णपट पडतो. तिच्या साहाय्याने त्यांनी आपल्या काळ्या रेषांच्या प्रकाशाची तरंगलांबी मोजली. आजच्या प्रयोगशाळांतही वर्णपट पाहण्यासाठी अशीच जाळी वापरतात.

पण लोकांना दिपवून टाकले ते त्यांच्या दुर्बिणीने. डॉरपाट (आताच्या एस्टोनिया देशातील तार्तू) येथील वेधशाळेसाठी त्यांनी १८२४ मध्ये एक मोठी दुर्बीण पूर्ण केली. तिचे भिंग २४ सेंटिमीटर रुंद होते. आज हा आकार फार मोठा वाटत नाही, पण भिंगाची एवढी मोठी दुर्बीण त्या वेळी जगात दुसरी नव्हती. शिवाय तिला घड्याळाचे यंत्र जोडले होते. पृथ्वी फिरते तसा तारा सरकतो, आणि हे यंत्र दुर्बिणीला ताऱ्याच्या मागोमाग हळूहळू फिरवत असे. तेथील खगोलशास्त्रज्ञ स्त्रूव्ह यांनी या दुर्बिणीने सुमारे १,२०,००० तारे तपासले आणि तीन हजारांहून अधिक जोडताऱ्यांची यादी केली.

१८२४ मध्येच राजाने फ्राउनहोफर यांना सरदारकीचा मान दिला. त्याच्या आधी एका विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टर ही पदवीही दिली होती. पण ते सुख भोगायला प्रकृती साथ देईना. लहानपणापासून ते अशक्त होते. त्यात भट्टीचा धूर आणि शिशाच्या वाफा. काच ओतणारे कारागीर त्या काळी सहसा फार जगत नसत. फ्राउनहोफर यांना क्षयाने गाठले. ७ जून १८२६ रोजी म्यूनिक येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे एकोणचाळीस. त्यांचे जुने सहकारी रायखेनबाख थोड्याच दिवसांपूर्वी वारले होते. त्यांच्या शेजारीच फ्राउनहोफर यांना पुरण्यात आले.

कारखाना त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे चालवला. त्यांनी आखलेले एक उपकरण त्यांच्या मृत्यूनंतर तयार होऊन क्योनिग्जबर्गला गेले. त्यानेच बेसेल यांनी १८३८ मध्ये हंस तारकासमूहातील एका ताऱ्याचे अंतर मोजले. सूर्याशिवाय दुसऱ्या ताऱ्याच्या अंतराचे हे पहिलेच विश्वसनीय माप होते. बर्लिन वेधशाळेतील ज्या दुर्बिणीतून १८४६ मध्ये नेपच्यून ग्रह सापडला, तीही याच कारखान्यात बनली होती.

काळ्या रेषांचे कोडे मात्र पंचेचाळीस वर्षे तसेच राहिले. १८५९ मध्ये किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी ते सोडवले. प्रत्येक मूलद्रव्य वायुरूपात तापले की ठरावीक रंगांचा प्रकाश देते आणि तेच रंग शोषूनही घेते. डी ही रेषा सोडियमची, म्हणजे आपल्या मिठातल्या सोडियमची. सूर्याच्या वातावरणात सोडियम आहे, म्हणून तेवढा पिवळा रंग तेथेच अडतो आणि आपल्याला काळी रेषा दिसते. सूर्यावर न जाताही सूर्य कशाचा बनला आहे, हे कळू लागले.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. ते पाहण्यासाठी यान्सेन नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ आपल्या देशात, आंध्रातील गुंटूर येथे आले होते. सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या वर्णपटात त्यांना चमकदार रेषा दिसल्या. त्यांपैकी पिवळी रेषा सोडियमची असावी, असे आधी वाटले. पण फ्राउनहोफर यांच्या डी रेषेशी ताडून पाहता ती बरोबर तेथे बसेना, किंचित बाजूला पडे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लॉकयर यांनाही ती दिसली. ती एका अज्ञात मूलद्रव्याची रेषा होती. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ साल उजाडले.

बेनेडिक्टबॉयर्नच्या मठात फ्राउनहोफर यांच्या काचेच्या भट्टीची इमारत आजही जपून ठेवली आहे.